उन्हाळ्यातला स्वयंपाक: घरचा आणि आमराईतला



चैत्री पौर्णिमा जवळ आली की आपल्या जिल्ह्यात येरमाळ्याच्या यात्रेचं बोलणं सुरू होतं. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येडाई देवीची पालखी डोंगरावरून खाली येते, चुनखडी वेचली जाते आणि पालखी आमराईत मुक्कामाला थांबते. लाखो माणसं लोटतात. कितीतरी कुटुंबं झाडाखाली पाल ठोकून राहतात आणि तिथंच तीन दगडांची चूल मांडतात. शहरातली माणसं आता पैसे भरून तंबूत राहायला जातात. आपल्याकडे लेकराबाळांसह उघड्यावर राहून रांधायचा सराव जुनाच आहे. त्या मुक्कामातल्या चार गोष्टी घरच्या उन्हाळी स्वयंपाकातही याव्यात, एवढ्यासाठी आजचं हे बोलणं.

उन्हाळ्याचा बेत आखताना मी आधी चुलीचा विचार करते. ती कधी पेटणार आणि कधी विझणार? बाहेर पारा चाळिशीच्या वर, डोक्यावर पत्रा, आणि दुपारी एकला गरम भाकरी हवी म्हणून बाई तव्यापुढे बसलेली. हे आपण इतकं बघतो की त्यात काही वावगं वाटेनासं झालं आहे. आमराईत असं चालत नाही. तिथं उजाडायच्या आत चूल पेटते आणि ऊन चढायच्या आत विझते. पाणी गडी माणसं आणतात, सरपण फोडतात, दगड मांडतात, पोरं भांडी घासतात. गावी परतल्यावर ही वाटणी का मोडावी? एप्रिल-मेमध्ये तरी भाकरी, कालवण, सगळं सकाळी आठच्या आत उरकावं आणि दुपारी चूल पेटवूच नये.

मग दुपारी खायचं काय? सकाळची ज्वारीची भाकरी, ताक, कांदा, शेंगदाण्याची चटणी, कैरीची फोड. लेकरांना ताकात भाकरी कुस्करून द्यावी. आणि आंबील. आंबील आपण देवीच्या नैवेद्याला करतो आणि एरवी विसरतो, याचं मला वाईट वाटतं. रात्री एक वाटी ज्वारीचं पीठ दोन वाट्या ताकात कालवून झाकून ठेवावं. सकाळी चार वाट्या पाण्याला उकळी आणून त्यात हे पीठ हळूहळू सोडावं आणि गुठळी होऊ न देता शिजवावं. मीठ, जिरं, ठेचलेला लसूण घालावा. गार झाली की वरून ताक घालून प्यावी. पोटाला आधार, अंगात पाणी आणि मीठ, तिन्ही एका वाडग्यात. ताक मात्र जर्मलच्या किंवा कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ठेवू नका, ते कळकतं. मातीचं किंवा स्टीलचं भांडं घ्या.

मुक्कामाला निघताना पीठ आदल्या दिवशी दळून आणावं. उन्हाळ्यात ज्वारीच्या पिठाची विरी लवकर जाते, भाकरी थापताना तुटते. तसं झालंच तर पीठ उकळत्या पाण्यात भिजवावं. पहिल्या दिवसासाठी धपाटे उत्तम, पण त्यात कांदा किंवा काकडी घालायचा मोह टाळावा, कारण ओल असली की धपाटं टिकत नाही. दुसऱ्या दिवसासाठी दुधात भिजवलेल्या दशम्या. त्या पूर्ण गार झाल्यावरच फडक्यात बांधाव्यात. गरम बांधल्या की वाफ धरते आणि त्या चिकट होतात.

कालवणासाठी आपल्या मराठवाड्याकडे येसर आहे. धान्य, डाळ आणि मसाला भाजून दळलेलं हे पीठ लग्नाघरी हमखास असतं. लसणाची फोडणी, पाणी, मूठभर येसर, एक चांगली उकळी, की घरभर माणसांची आमटी तयार. भाजी चिरायची नाही, डाळ शिजवत बसायचं नाही, सरपण निम्मं लागतं. सोबत वाळवणातले सांडगे असले की दुसरी भाजीही झाली. ज्या घरात उन्हाळी कामं अजून होतात, त्या घराची मुक्कामाची अर्धी तयारी डब्यांत भरलेली असते.

पुरणाचा नैवेद्य झाला की पुरण आणि येळवणीची आमटी त्याच दुपारी संपवावी. संध्याकाळी आंबूस वास आला तर प्रसाद म्हणून पोटात ढकलू नका. शिळ्या भाताबद्दल अधिक काळजी घ्यावी. भातात असे जंतू असतात की त्यांची बीजं शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष परत गरम केल्यानं जात नाही. म्हणून उन्हाळ्यात भात जेवणापुरताच टाकावा.

आमराईत चूल मांडता येते, पण येडशीच्या रामलिंगला जाणाऱ्यांनी सगळी शिदोरी घरूनच न्यावी. ते अभयारण्य आहे. उन्हाळ्यात तिथलं गवत वाळून कोळ होतं आणि चुलीतली एक ठिणगी पुष्कळ झाली. तिथं चूल मांडायचीच नाही. माकडं फार आहेत, तेव्हा पिशवीपेक्षा घट्ट झाकणाचा डबा बरा. त्यांना आपलं अन्न घालूही नये.

पाण्याचा हिशेब मात्र जेवणाच्या आधी करा. नुसतं प्यायला माणशी दिवसाचे तीन-चार लिटर धरा, रांधायचं आणि धुवायचं वेगळं. टँकरचं किंवा आडाचं पाणी खळखळ उकळून, गार करून, झाकून ठेवावं. पाणी काढायला दांड्याचं ओगराळं ठेवा, हात बुडवू नका. यात्रेत जुलाब-उलट्या बहुतेक पाण्यातूनच पसरतात.

आणि पिशवीत साखर-मिठाची पुडी असू द्या. लेकराला जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोटघोट पाजत राहा. लहानग्याचं अंगावरचं दूध बंद करू नका. लेकरू मलूल पडलं, लघवी होईना किंवा उन्हातून आलेलं माणूस बरळायला लागलं, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. त्याला सावलीत घ्या, अंग ओल्या फडक्यानं पुसत राहा आणि 108 ला फोन करा.