हौद्याची गाडी घेऊन रानात

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणाचे आमंत्रण आले तेव्हा मी कळवले होते, की मला भाषण येत नाही, फार तर लोणच्याची कृती सांगेन. चिटणीसबाईंचा उलट निरोप आला, "लोणचे आम्हांला येते, तुम्ही त्या विजेच्या गाडीचे सांगा." तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

आम्ही उभयता अमेरिकेत डेन्व्हरला राहतो. गावाच्या पश्चिमेला रॉकी पर्वत उभा आहे, आणि सुट्टी लागली की तिथली माणसे सामान बांधून रानात मुक्कामाला निघतात. आपल्या मंडईत पहाटे भाजी उतरवणारी, मागे उघडा हौदा असलेली पिकअप असते ना, तसलीच पण अंगाने दुप्पट गाडी तिथे दारोदारी दिसते. 2021 च्या सप्टेंबरात रिव्हियन कंपनीची आणि 2022 मध्ये फोर्डची, अशा विजेवर चालणाऱ्या पिकअप तिथे रस्त्यावर आल्या. आमच्या ह्यांनी त्यांतली दुसरी घेतली. मला विचारले का? विचारले की! पैसे भरून झाल्यावर.

गाडी दारात आल्यावर मी पहिला प्रश्न केला, हिच्या पोटात वीज किती मावते? 131 युनिटे. युनिट म्हणजे आपल्या बिलावर असते तेच. माझ्या वहिनीकडे गेल्या महिन्याचे बिल 118 युनिटांचे आले, म्हणजे तिचा सबंध महिन्याचा संसार त्या गाडीच्या तळाशी बसतो. पुढे जिथे इंजिन असायचे तिथे इंजिनच नाही, चारशे लिटरची पेटी आहे. तिला कुलूप लागते आणि तळाला बूच आहे. मी त्यात बर्फ ओतून दूध-दही ठेवते आणि सकाळी बूच काढून पाणी सोडते. मागे हौद्यात घरच्यासारखे विजेचे प्लग आहेत.

हे कळल्यावर ह्यांना खरेदीचे वेड लागले. टपावरचा तंबू आला, हौद्यातले खण आले, जाड दातांचे टायर आले, दिवे तर इतके की गणपतीची आरास वाटावी. शेवटी मागे जोडायची चाकांवरची खोलीही आली! मी एक वही केली आणि प्रत्येक वस्तू किती वीज खाते ते लिहू लागले. त्या वहीने आमचे डोळे उघडले.

मला वाटायचे, विजेची शेगडी लावली की गाडीचा जीव जाईल. पण पिठले-भात आणि दोनदा चहा मिळून एक युनिटही लागत नाही. लहान शीतपेटी दिवसाला एका युनिटाच्या आतबाहेर. म्हणजे चार दिवस रानात पोटभर जेवलो तरी दहा युनिटे उडणार नाहीत. खरी खादाड निराळीच. सडकेवर एका युनिटाला साडेतीन किलोमीटर जाणारी ही गाडी, मागे ती खोली जोडली की जेमतेम पावणेदोन जाते. कारण वारा. जेवढे उंच-रुंद घोंगडे वाऱ्यापुढे धराल तेवढी वीज जाते. टपावरचा तंबू मिटलेला असला तरी तेच. स्वयंपाकघराला बोल लावायची सवय पुरुषांना असतेच, पण इथे वही माझ्या बाजूने होती.

आता घडलेले सांगते. आम्ही युटामधल्या झायन राष्ट्रीय उद्यानाकडे निघालो होतो, मार्चचा महिना, मागे खोली जोडलेली. वाटेत ग्रीन रिव्हर नावाचे गाव लागते. तिथून पुढच्या सलायना गावापर्यंत सुमारे पावणेदोनशे किलोमीटर महामार्गावर एकही गाव नाही, पंप नाही, चहाची टपरी तर नाहीच. ग्रीन रिव्हरला वीज भरायला थांबलो. मागे खोली असली की गाडी तिथल्या जागेत मावत नाही, म्हणून आधी खोली सोडून ठेवा, मग भरा, मग पुन्हा जोडा. ऐंशी टक्के झाल्यावर ह्यांनी तार काढली. पुढचे वीस टक्के फार हळू भरतात, आणि ह्यांना थांबण्याचा कंटाळा.

गाव सुटले तसा चढ लागला. दोन्ही बाजूंना तांबडे कडे, समोरून बोचरा वारा. मी वही उघडली. 105 युनिटे घेऊन निघालो होतो, पन्नास किलोमीटरांत चाळीस गेली. उरली 65. पुढे सव्वाशे किलोमीटर, आणि ह्याच चालीने शंभराच्या आसपास युनिटे हवीत. मी म्हटले, "गाडी वळवा." हे म्हणाले, "पुढे उतार लागेल." मी म्हटले, "उताराआधी मोठा चढ आहे, नकाशात बघा." त्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. फोनला तिथे रेघ नव्हती. बाहेर बर्फाचे कण उडू लागले होते. मी पुन्हा एकदा, आवाज न चढवता, तेच म्हटले. पुढच्या फाट्यावर ह्यांनी गाडी वळवली.

परतताना उतार आणि पाठीशी वारा, वीसच युनिटे लागली. झायनमधल्या त्या रात्रीच्या मुक्कामाचे पैसे बुडाले. हे दोन दिवस माझ्याशी फक्त मीठ-मिरचीपुरते बोलले. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी ती वही मागून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचली.

त्या उन्हाळ्यात आम्ही खोली विकली आणि टपावरचा तंबूही विकला. आता हौद्यात जमिनीवरचा साधा तंबू, दोन गाद्या, वीस लिटरचे पाण्याचे दोन डबे, शेगडी, हवा भरायचा लहान पंप आणि वाळूत चाकाखाली सारायच्या दोन फळ्या, एवढेच असते. पंप आणि फळ्या मी ठेवायला लावल्या. ग्रेट सँड ड्यून्सच्या वाळूत आमची तीन टनांची गाडी रुतली होती, तेव्हा चाकांतली हवा कमी करून निघालो. पण पुन्हा हवा भरायला जवळ काही नव्हते. मुक्काम शक्यतो जिथे मोठ्या गाड्यांसाठी विजेचा खांब असतो तिथे करावा. रात्रभर तार लावली की साठ-सत्तर युनिटे भरतात आणि आपली झोपही होते.

पुढच्या वर्षी तोच रस्ता आम्ही पुन्हा घेतला. ग्रीन रिव्हरला वीज शंभर टक्के भरेपर्यंत मी विणकाम केले, आणि पुढे गाडी मी चालवली. सलायनाला पोचलो तेव्हा निम्म्याच्या आसपास वीज शिल्लक होती. हे शेजारी बसून वहीत आकडे लिहीत होते.

आता कोणाला काही विचारायचे असेल तर विचारा. फक्त गाडीची किंमत विचारू नका. ती ह्यांनी मलासुद्धा दोन हप्त्यांत सांगितली आहे.