बहिष्काराचे शस्त्र कोणावर पडते?

(धायरी येथे बौद्ध उपासक-उपासिकांच्या सभेत केलेले भाषण)



जे सरकार आपल्याच प्रजेला छळते त्याच्याशी दुसऱ्या देशाने कसे वागावे, हा आजचा विषय आहे. हा प्रश्न मंत्र्यांचा व वकिलातींचा. आपला त्याच्याशी काय संबंध, असे आपल्यापैकी पुष्कळांस वाटेल. परंतु जुलमी सरकारविरुद्ध जे शस्त्र बहुधा आधी उपसले जाते ते बहिष्काराचे होय. आणि बहिष्कार म्हणजे काय हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी घेतल्यावर आणि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गावकीची कामे सोडल्यावर कित्येक गावांत आपल्या माणसांना दुकानात मीठ मिळेना, की शेतावर काम मिळेना. बहिष्काराचा घाव कोठे बसतो हे ज्याने सोसले त्यालाच कळते. म्हणून या प्रश्नावर बोलण्याचा आपल्याला अधिकार आहे.

आपल्या शेजारच्या गोव्याचेच उदाहरण घ्या. सालाझारच्या राजवटीत तेथे सभास्वातंत्र्य नव्हते. लग्नपत्रिकासुद्धा सरकारी तपासनिसाला दाखविल्यावाचून छापता येत नसे. १९४६ साली डॉ. लोहिया यांनी मडगावात ती बंदी मोडली. त्याच वर्षी त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावली व पुढे त्यांची पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात रवानगी झाली. १९५५ च्या मे महिन्यात ना. ग. गोरे व सेनापती बापट यांची सत्याग्रही तुकडी गोव्यात शिरली. तिच्यामागे उभी असलेली गोवा विमोचन सहायक समिती पुण्याची. आपली धायरी आज ज्या शहरात मोडते त्या पुण्याची. पुढे १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडण्यात आल्या आणि वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

त्यानंतर भारत सरकारने सरहद्द बंद केली, आगगाडी थांबविली, आर्थिक नाकेबंदी आवळली. हेतू न्याय्य होता. पण परिणाम काय झाला? मुरगावच्या बंदरातून लोखंडाची माती जपानकडे व पश्चिम जर्मनीकडे जातच राहिली, किंबहुना वाढली. सरकारी तिजोरीला तिचा आधार मिळाला. मात्र मुंबईत बोटींवर व स्वयंपाकघरांत राबणाऱ्या गोवेकराला घरी पैसे धाडणे व आईला भेटणे दुरापास्त झाले. खाणमालकाचे दार उघडे आणि कष्टकऱ्याचे दार बंद, अशी ही नाकेबंदी झाली. अखेर १९६१ च्या १८ व १९ डिसेंबरला लष्करी कारवाईनेच गोवा मुक्त झाला. बाबासाहेबांनी तर १९५४ सालीच राज्यसभेत सांगितले होते की, सरकारने सुरुवातीलाच परिणामकारक पाऊल उचलले असते तर लहानशा पोलिसी कारवाईने काम भागले असते.

मग बहिष्कार सर्वथा त्याज्य समजावा काय? तसे नव्हे. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारशी भारताने १९४६ साली व्यापार तोडला. १९५९ साली आल्बर्ट लुथुली यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगाला आवाहन केले की, आमच्या देशाच्या मालावर बहिष्कार टाका. त्याने आपलेच लोक अडचणीत येतील हे त्यांना ठाऊक होते. तरी ती किंमत द्यावयास ते तयार होते. येथे बहिष्काराची मागणी पीडितांनी स्वतः केली होती, आणि हाच मोठा भेद होय. पीडिताने स्वेच्छेने पत्करलेले कष्ट हा त्याग आहे. दुसऱ्याने त्याच्यावर लादलेले कष्ट हा दुसरा जुलूमच ठरतो. तथापि एकट्या भारताच्या बहिष्काराने ते सरकार नमले नाही. त्याच्या तिजोरीत भर घालणारी बडी राष्ट्रे १९८० नंतरच्या दशकात हात आखडू लागली, तेव्हाच त्याला खरा चिमटा बसला.

आता आपल्या मनाची परीक्षा पाहणारे उदाहरण सांगतो. ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार, हा बौद्धांचा देश. १९५४ साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. त्याच देशाच्या लष्कराने २०१७ साली रोहिंग्या मुसलमानांवर असे अत्याचार केले की सात लाखांहून अधिक माणसे बांगलादेशात पळाली. १ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याच लष्कराने लोकनियुक्त सरकार उलथून टाकले. तेथील सेनापती विहारात जाऊन वंदना करतात म्हणून आपण मौन धरावे काय? मुळीच नाही. चीवराला दान देणारा हात निरपराध्याचे घर जाळू लागला तर त्या दानाने त्याचे पाप झाकत नाही. जुलूम करणारा आपल्या धर्माचा असला म्हणजे आपली जबाबदारी वाढते.

म्हणून कोणत्याही सरकारच्या परराष्ट्र धोरणाला आपण तीन प्रश्न विचारावेत. घाव सत्ताधाऱ्याच्या तिजोरीवर पडतो की गरिबाच्या चुलीवर? ज्यांच्यासाठी हे करावयाचे त्यांचे मत विचारले काय? आणि तेथून जीव घेऊन पळणाऱ्याला आपले दार उघडे आहे काय? २०२१ साली मिझोरमच्या जनतेने म्यानमारमधून आलेल्या निराश्रितांना घरांत व गावांत जागा दिली. अशा आश्रयाने कोणा गरिबाची चूल विझत नाही.

शेवटी एक गोष्ट. परक्या जुलमाविरुद्ध बोलणाऱ्या देशाचे स्वतःचे घरही स्वच्छ असावे लागते. सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरविणारा कायदा महाराष्ट्रात २०१६ साली झाला. तो कायदा कागदावर राहू न देणे हेही परराष्ट्र धोरणाचेच काम आहे असे मी मानतो. कारण ज्या देशातल्या गावात आजही एखाद्या कुटुंबाचे पाणी तोडले जाते, त्या देशाचा शब्द जगाच्या सभेत हलका पडतो.

जय भीम.