टोलनाक्यावरील रिंगण

आषाढी वारींत तुकोबांची पालखी बारामती मागें टाकून इंदापूर तालुक्यांत येते आणि बेलवाडीस पहिलें गोल रिंगण होतें. अश्व धांवण्यापूर्वींच त्याची वाट मोकळी केलेली असते, म्हणून तो खेळ रंगतो. याच दिवसांत पुणें-सोलापूर महामार्गावर पंढरीकडे निघालेलीं वाहनें इंदापूरजवळील सरडेवाडीच्या टोलनाक्याशीं येऊन थबकतात.

अलीकडील वर्षांत शासनानें वारकऱ्यांच्या वाहनांना पासावर टोलमाफी दिली. पण माफी म्हणजे मोकळी वाट नव्हे. पास पाहण्यांत गेलेला वेळ मागील प्रत्येक गाडीस मोजावा लागतो. २०२१ सालीं फास्टॅग सक्तीचा झाला आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानें गर्दींतहि गाडीमागें दहा सेकंदांची मर्यादा घातली. त्या हिशेबानें एका मार्गिकेंतून तासांत ३६० गाड्या सुटतात. अर्धें मिनिट लागलें तर केवळ १२०. उरलेल्या रस्त्यावर तुंबतात, आणि त्यांत एखादी रुग्णवाहिकाहि असूं शकते.

यास्तव पासाची तपासणी नाक्याच्या पुष्कळ अलीकडे व्हावी आणि पासधारकांची मार्गिका निराळी असावी. टोल म्हणजे निर्वेध रस्त्याचें मोल. रस्ताच अडला तर मोल कशाचें? रिंगणांतील रीत नाक्यानेंहि उचलावी: आधीं वाट, मग धांव.