जंतूंची प्रयोगशाळा आणि श्रमिकांचा जीव

(मोताळा, जि. बुलढाणा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कापसाचा भाव, नळगंगेचे पाणी आणि पीकविम्याची रक्कम हे ज्या तालुक्याचे नित्याचे प्रश्न, त्या मोताळ्यात जंतूंच्या प्रयोगशाळांच्या सुरक्षिततेवर व्याख्यान कशासाठी, असे कोणाच्याही मनात येईल. शंका रास्त आहे. परंतु क्षयाचा संशय असलेल्या शेतमजुराची थुंकी ज्या टेबलावर काचपट्टीवर पसरली जाते, ते टेबल हीदेखील जंतूंची प्रयोगशाळाच होय. मार्च २०२० मध्ये या जिल्ह्यातील पहिल्या करोना-रुग्णाचा नमुना नागपूरला गेला आणि अहवाल येईपर्यंत सगळा जिल्हा जीव मुठीत धरून बसला. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस झपाट्याने गळू लागले, तेव्हा प्रथम संसर्गाचीच शंका आली. पथके आली, केस, रक्त, पाणी यांचे नमुने नेले गेले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीवरून सेलेनियमकडे व रेशनच्या गव्हाकडे बोट दाखविले. ज्यांचे केस गेले त्यांना मात्र आपल्या रक्तात काय निघाले हे जाणून घेण्यासाठी वर्तमानपत्र वाचावे लागले.

नमुना देणारा, तो हाताळणारा आणि त्याविषयी निर्णय घेणारा अशी तीन माणसे प्रत्येक प्रयोगशाळेशी बांधलेली असतात. धोका पहिल्या दोघांच्या वाट्याला येतो, माहिती तिसऱ्याकडे राहते. जैवसुरक्षेचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास हा बव्हंशी या विषम वाटणीचा इतिहास आहे, आणि त्याचा आरंभ आपल्या मुंबईतच होतो.

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. सरकारने वाल्डेमार हाफकिन या रशियन साम्राज्यात जन्मलेल्या ज्यू शास्त्रज्ञास पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली व व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या सामग्रीवर त्यांचे काम सुरू झाले. मांसरसाच्या द्रवावर तुपाचे थेंब तरंगत सोडले की प्लेगचे जंतू त्यांना धरून खाली लोंबत वाढतात, हे त्यांच्या ध्यानात आले. मग तापवून मारलेल्या या जंतूंची लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. जानेवारीअखेर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर लशीची चाचणी झाली. ते स्वेच्छेने पुढे आले असे नोंदीत आहे. गजाआडच्या माणसाची स्वेच्छा किती खरी मानायची, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारला नाही.

त्या व्हरांड्यात जिवंत प्लेगच्या सुरया हाताळणारे तीन शिपाई कोण होते? आजच्या नियमांनी ज्या कामासाठी तिसऱ्या पातळीची बंदिस्त प्रयोगशाळा लागते, ते काम ही माणसे उघड्या हातांनी करीत होती. वैद्यकाच्या इतिहासाने त्यांची संख्या तेवढी टिपून ठेवली आहे.

१८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली. लाखो लोकांना पुरेल इतकी लस तेथे तयार होऊ लागली, आणि ऑक्टोबर १९०२ मध्ये घात झाला. पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात ३० तारखेला १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी ‘५३-एन’ या एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला व ते सर्वच्या सर्व दगावले. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळलाच, दूषित झाली असावी असा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांनी लशीत कार्बोलिक ॲसिड घालणे बंद करून उष्णतेवर भर दिला होता, त्यावर ठपका आला आणि त्यांना पदावरून दूर करण्यात आले.

वस्तुतः चौकशीपुढे दुसरीही एक हकिगत आली होती. बाटलीचे बूच काढावयाचा चिमटा सहायकाच्या हातून मातीत पडला होता. तो जंतुनाशकात नुसता बुडवून त्याच चिमट्याने बूच काढले गेले होते. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे तेव्हाही ठाऊक होते. लंडनच्या लिस्टर संस्थेने बाटली उघडतानाच संसर्ग झाला असण्याचा संभव अधिक मानला. तथापि चौकशीची कागदपत्रे १९०६ च्या अखेरीपर्यंत लोकांसमोर आलीच नाहीत. ती आल्यावर मात्र रोनाल्ड रॉस व इतर जंतुशास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहिले आणि त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. ते कलकत्त्यास परतले, पण लस तयार करण्याचे काम त्यांना पुन्हा मिळाले नाही. १९२५ साली परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले.

मुलकोवालची कथा बहुधा एका थोर शास्त्रज्ञावरील अन्यायाची कथा म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. परंतु आपण त्या चिमट्याकडेही पाहिले पाहिजे. खेड्याच्या मैदानात रांग लागली आहे, धूळ उडते आहे, सहायकाला एकामागून एक बाटल्या उघडून द्यायच्या आहेत. अशा वेळी चिमटा मातीत पडणारच. पडल्यावर तो पुरेसा उकळायला चूल, भांडे आणि दहा मिनिटे त्याच्या हाताशी होती काय, ही चौकशी महत्त्वाची होती. दोष परळचा की मुलकोवालचा, साहेबाचा की सहायकाचा, यावर मात्र पाच वर्षे खल झाला.

शास्त्राला हा धडा गिरवायला आणखी अर्धशतक लागले. १९५१ साली सल्किन व पाइक या अमेरिकन संशोधकांनी सुमारे ५ हजार प्रयोगशाळांकडून माहिती मागविली. तीत कामावर असताना जंतूंची लागण झाल्याची १३४२ प्रकरणे निघाली. बाटली फुटली, सुई टोचली, असा उघड अपघात त्यांपैकी जेमतेम १६ टक्क्यांत सापडला. उरलेल्यांना रोग कसा झाला, हे त्यांचे त्यांनाही सांगता येईना. हळूहळू उत्तर हाती आले. नळी जोराने फुंकली, बूच ओढले, द्रव हलविला, तापलेली तार द्रवात बुडविली, की डोळ्यांना न दिसणारे तुषार उडतात व श्वासावाटे आत जातात. याखेरीज काचेची नळी तोंडाने ओढून द्रव घेण्याची रीत होती. ही रीत आपल्याकडील प्रयोगशाळांतूनही कित्येक वर्षे चालू होती. तेव्हा कामगाराचा हलगर्जीपणा हे सोयीचे कारण बव्हंशी टिकत नाही. धोका कामाच्या पद्धतीतच होता.

आजची सारी व्यवस्था या एका शोधावर उभी आहे. हवा आतल्या बाजूस ओढून गाळणीतून सोडणारे कपाट, खोलीतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवणे, टाकाऊ माल ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांच्या वाफेत शिजवूनच बाहेर काढणे, आणि जंतूंच्या घातकतेप्रमाणे प्रयोगशाळांच्या चार पातळ्या ठरविणे. जागतिक आरोग्य संघटनेने यासंबंधीची पहिली पुस्तिका १९८३ मध्ये काढली. या विद्येचा मोठा भाग अमेरिकेच्या फोर्ट डेट्रिक येथील जंतुयुद्धाच्या कारखान्यात तयार झाला, हेही नमूद केले पाहिजे. ज्यांना जंतू शस्त्र म्हणून पिकवायचे होते, त्यांनाच तो हाताळणारा माणूस जिवंत राखण्याची निकड प्रथम भासली. जंतू चुकून बाहेर जाऊ नये ही एक चिंता. तो कोणी मुद्दाम बाहेर नेऊ नये ही दुसरी. २००१ मध्ये अमेरिकेत अँथ्रॅक्सची पत्रे आली आणि पाच माणसे मेली. तेथील तपास यंत्रणेने अखेर त्याच फोर्ट डेट्रिकमधील एका शास्त्रज्ञाकडे बोट दाखविले. कुलपे उत्तम होती, किल्ली आतल्याच माणसाकडे होती.

आता पुण्याकडे वळू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व रॉकफेलर फाउंडेशन यांनी १९५२ मध्ये तेथे विषाणू संशोधन केंद्र स्थापन केले. आज ती राष्ट्रीय विषाणू संस्था आहे. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासानूर जंगलात माकडे मरू लागली व मागोमाग माणसे. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी त्या तापाचा विषाणू शोधला, तो गोचिडांवाटे पसरतो हे दाखविले, आणि हे करताना केंद्रातील अनेक कर्मचाऱ्यांना त्याच तापाची लागण झाली. हा ताप २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आला, तेव्हा त्याला ओळखता आले यामागे या कर्मचाऱ्यांचेही आजारपण आहे.

हा विषाणू रशियातील एका विषाणूचा जवळचा नातलग असल्यामुळे तो स्थलांतरित पक्ष्यांनी आणला असावा, असा एक तर्क तेव्हा होता. त्यातून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पक्ष्यांच्या अभ्यासाचे काम आले आणि साठच्या दशकात त्याला अमेरिकी लष्कराच्या एका पाहणी प्रकल्पाचा पैसा मिळू लागला. दिल्लीत याच सुमारास आरोग्य संघटनेच्या नावाने व अमेरिकी निधीवर डासांच्या आनुवंशिक नियंत्रणाचे केंद्र चालू होते. १९७४ मध्ये पी.टी.आय.च्या के. एस. जयरामन यांनी या प्रकल्पांवर लिहिले. १९७५ मध्ये ज्योतिर्मय बसू यांच्या अध्यक्षतेखालील लोकलेखा समितीने आपल्या १६७व्या अहवालात विचारले : या माहितीचा उपयोग जंतुयुद्धासाठी होणार नाही याची हमी कोणी घेतली? त्याच वर्षी डासांचे केंद्र बंद झाले.

या प्रकरणी डाव्या वर्तुळात आजही फुशारकीने बोलले जाते. तितकी फुशारकी उचित नव्हे. पक्षी मोजणारे आपले अभ्यासक हेर होते याचा पुरावा समितीपुढे आला नाही, आणि डासांवरचे काही उपयुक्त संशोधनही संशयाच्या धुरात गेले. परंतु समितीचा प्रश्न मोलाचा होता. परकीय लष्कराच्या पैशावर देशातील रक्ताचे नमुने गोळा होत होते आणि संसदेला त्याचा पत्ता नव्हता. शास्त्रज्ञांनी पहिल्या दिवशी करार उघडे ठेवले असते, तर संशयाला जागाच उरली नसती.

उघडेपणाने काय साधते हे दोन घटनांवरून दिसते. १९७८ साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातील देवीच्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर काम करणाऱ्या जॅनेट पार्कर या छायाचित्रकार स्त्रीस देवी आल्या व ती ११ सप्टेंबरला मरण पावली. पृथ्वीवर देवीने मेलेले ते शेवटचे माणूस. प्रयोगशाळेच्या प्रमुखाने आत्महत्या केली. ही जागा अपेक्षित दर्जाची नाही, हे आरोग्य संघटनेने आधीच कळविले होते. चौकशीचा अहवाल सरकारने अडवून ठेवला होता. तो जानेवारी १९७९ मध्ये वैज्ञानिक व तंत्रज्ञ कर्मचाऱ्यांच्या कामगार संघटनेने प्रसिद्ध केला.

तीनच महिन्यांनी सोव्हिएत संघातील स्वेर्डलोव्स्क येथे लष्करी प्रयोगशाळेतून अँथ्रॅक्सचे बीजाणू वाऱ्यावर गेले आणि निदान ६६ माणसे मेली. सरकारने सांगितले, लोकांनी दूषित मांस खाल्ले. जगभरच्या अनेक पुरोगाम्यांना ते पटले. अमेरिकेतील काही नामवंत शास्त्रज्ञांनाही पटले. सत्य १९९२ मध्ये येल्त्सिन यांनी मान्य केले. मेलेल्यांत शेजारच्या चिनी मातीच्या कारखान्यातील कामगार होते. श्रमिकांच्या नावाने चाललेल्या राज्यात त्यांच्या बाजूने अहवाल फोडू शकेल अशी एकही स्वतंत्र कामगार संघटना नव्हती, हे समाजवाद्यांनी विसरू नये. जैविक शस्त्रांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार त्याआधी चार वर्षे, १९७५ पासून, अमलात होता. त्यात तपासणीची यंत्रणा नव्हती. तशी ती आणण्याचा प्रयत्न २००१ मध्ये अमेरिकेने झिडकारला, आणि ती आजही नाही.

भारतात धोकादायक सूक्ष्मजीवांविषयीचे नियम १९८९ मध्ये झाले. पुण्यात चौथ्या पातळीची प्रयोगशाळा २०१२ मध्ये उभी राहिली, आणि निपाह व करोनाच्या काळात तिच्यासारख्या जागांचे मोल देशाला कळले. तिच्याबद्दल अभिमान बाळगण्यास हरकत नाही. परंतु देशातील बहुसंख्य तंत्रज्ञ, सफाई कामगार व नमुने वाहणारे वाहनचालक दुसऱ्या पातळीच्या साध्या खोल्यांत काम करतात, आणि त्यांतले पुष्कळ कंत्राटी असतात. सुई टोचल्याचे वर नोंदविले तर नोकरी जाईल या भीतीने कंत्राटी माणूस गप्प बसतो. मग अपघातच झाला नाही असे कागद म्हणतो.

त्यांच्यासाठी २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम हाताशी आहेत. रक्ताचे नमुने व प्रयोगशाळेतील कचरा जागेवरच निर्जंतुक करावा, हाताळणाऱ्या प्रत्येकाची नेमणुकीच्या वेळी व पुढे वर्षातून निदान एकदा आरोग्यतपासणी व्हावी, अपघातांची नोंद राहावी, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. ते खाजगी रक्ततपासणी केंद्रांनाही लागू आहेत. मोताळ्यापासून मलकापूरपर्यंत रस्त्याच्या कडेला अशी जी जी पाटी दिसेल, तेथे आत जाऊन नोंदवही पाहावयास मागावी. कावीळ-ब ची लस दिली काय, असे झाडू मारणाऱ्या बाईला विचारावे. धनुर्वाताचीही विचारावी; नियमांत या दोन्ही लशींचे नाव घेतलेले आहे.