जुनी गाडी, घरचा मेकॅनिक
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



निवृत्तीनंतर आपण काय चालवले आहे ते प्रत्येकाने थोडक्यात सांगावे, असे संयोजकांचे फर्मान आहे. कुणी शेती सांगितली, कुणी नर्मदा परिक्रमा. माझी अडचण अशी, की माझ्याकडच्या वस्तू बहुधा चालतच नाहीत. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक जुनी बुलेट, एक प्रीमियर पद्मिनी आणि वडिलांची चेतक अशा तीन गाड्या आहेत. पहिल्या दोन मी वापरलेल्या घेतल्या, तिसरी घरचीच. नऊ वर्षे झाली, मी त्या घरीच दुरुस्त करतो. 'करतो' हे क्रियापद चालू वर्तमानकाळात घ्यावे, व्याकरणाच्या बाई समोर बसल्या आहेत.

आपल्याला आठवीपासून टेक्निकल होते. सर लोखंडाचा तुकडा द्यायचे आणि तो काटकोनात येईपर्यंत कानस मारायला लावायचे. मग गुण्या लावून उजेडाकडे धरायचे. फटीतून उजेड दिसला की पुन्हा कानस. ते सगळे मला आज उपयोगी पडते. फक्त सरांचा तुकडा कोरा असायचा. जुनी गाडी कोरी नसते. तिच्यावर आधी दहा जणांचे हात फिरलेले असतात, आणि घरी दुरुस्ती करणाऱ्याचा निम्म्याहून जास्त वेळ बिघाड शोधण्यात नाही, तर आधीच्या दुरुस्त्या निस्तरण्यात जातो.

बुलेटचेच घ्या. तिचा मूळ आराखडा इंग्लंडचा, त्यामुळे जुन्या बुलेटवर इंग्रजी व्हिटवर्थ मापाचे नटबोल्ट भेटतात. या मापाची गंमत म्हणजे पान्यावर लिहिलेला आकडा नटाच्या रुंदीचा नसतोच, बोल्टच्या जाडीचा असतो. पाव इंची म्हणून लिहिलेल्या पान्याचे तोंड सुमारे १३.३ मिलिमीटर भरते. आपल्या घरातला १३ नंबरचा पाना त्या नटावर जात नाही, १४ नंबरचा जातो. जातो, हीच अडचण आहे. जोर लावला की तो सटकतो, सटकला की नटाचे कोपरे गोल होतात. पुढचा माणूस पकड लावतो. त्याच्या पुढचा छिन्नी लावून ठोकतो. माझ्याकडे आली तेव्हा त्या बुलेटच्या डाव्या बाजूला षटकोनी म्हणावा असा एकही नट नव्हता. खरा व्हिटवर्थ पाना मला पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला. तो बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मी सलग पाच रविवार गेलो होतो. सौ.ला अजून वाटते की मी तिथे भजी खायला जात होतो. (खातही होतो.)

पद्मिनीची कथा विजेची. डावा इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवाही लुकलुकायचा. विज्ञानाच्या सरांनी सर्किट शिकवले होते, तेच इथे आहे. गाडीत प्रत्येक दिव्याला एकच वायर जाते, परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. तो सांधा बिघडला की करंट बिचारा शेजारच्या दिव्यातून वाट काढतो. म्हणजे दोष दिव्यात नाही, वायरमध्ये नाही, बटणात नाही. ते सगळे तपासण्यात माझे दोन रविवार गेले. शेवटी डिकीत स्क्रूखालचा रंग खरवडला आणि दिवे शहाणे झाले. कुणीतरी हौसेने गाडी रंगवताना तो सांधाही रंगवून टाकला होता. रंग मात्र छान होता.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादा संपून बंद झाली, तेव्हा वर्तमानपत्रांत हळवे लेख आले. मला वेगळीच चिंता होती. टॅक्सी होती म्हणून आमच्यासारख्यांना सुटे भाग मिळत होते. आता दुकानदार नाव ऐकूनच हसतो.

आता चेतक. ही गाडी तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे, कारण दहावीच्या वर्षी निदान सातजण तिच्यावर ट्रिपल सीट बसलेले आहेत. वडिलांनी नंबर लावला तेव्हा मी पाचवीत होतो, गाडी आली तेव्हा नववीत. तेव्हा चेतकला वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी असायची. आज वडील नव्वदीचे आहेत. गाडीवर बसणे शक्य नाही, ते तसे म्हणतही नाहीत. पण मी खाली किक मारायला लागलो की ते गॅलरीत खुर्ची ओढून बसतात.

ती चार वर्षे उभी होती. टाकीतले पेट्रोल उडून जाऊन कार्बोरेटरमध्ये राळेसारखा चिकटा बसला होता. त्यात आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढून घेते आणि त्या काळच्या रबरी नळ्या-वॉशरना ते मानवत नाही. सगळे रबर बदलले. जेट काढून पाहिला, तर कुणीतरी तार घालून साफ केलेला. जेट पितळेचा असतो, तार फिरवली की भोक मोठे होते आणि त्यावर छापलेल्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. नवा जेट घातला. गेल्या महिन्यात पाचव्या किकला ती सुरू झाली. वरून वडिलांनी टाळी वाजवली.

आणि तेवढ्यात पार्किंग पांढऱ्या धुराने भरून गेले. तळमजल्यावरच्या काकू खोकत बाहेर आल्या. धूर थांबेना.

आपल्या वर्गातला एकजण आठवीनंतर शाळा सोडून गॅरेजात लागला, हे तुम्हाला आठवत असेल. आज तो मागच्या रांगेत बसला आहे, नाव घेतले तर रागावेल. त्याला फोन केला. त्याने दोनच प्रश्न विचारले: धुराला वास कसला येतो, आणि गिअरबॉक्समधले ऑइल कमी झाले आहे का. झाले होते. "क्रँकचे सील गेले रे. गिअरचे ऑइल इंजिन ओढतेय आणि जाळतेय." सील ही शंभर-दोनशे रुपयांची रबरी कडी. ती बदलायला इंजिन खाली उतरवून खोलावे लागते. आपण गॅरेजात उभे राहून 'एवढ्याशा रबराचे एवढे लेबर?' म्हणतो, ते लेबर या वाक्यात आहे.

मुलगा म्हणतो, स्क्रॅपला द्या, ऑगस्टमध्ये नोंदणी संपतेच आहे. आरटीओच्या तपासणीला असा धूर घेऊन जाता येणार नाही, हे त्याचे म्हणणे खरे आहे. सोसायटीचेही पत्र आले आहे. मी गाडी टेम्पोत घालून गॅरेजला न्यायचे ठरवले. वडील म्हणाले, "नेलीस की ती परत येणार नाही." मी परत आणीन, हे मी सांगितले. त्यांनी मान हलवली, पण खुर्ची गॅलरीतून आत घेतली नाही.

मग मागच्या रांगेतला हा गृहस्थ म्हणाला, आपण घरीच खोलू. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता तो पुलर आणि सीलचा संच घेऊन येतो आहे. पार्किंगमध्ये जुनी चादर अंथरून तिथेच इंजिन उतरवणार. काढलेला प्रत्येक नट कुठला, ते लिहायला मी वहीही आणून ठेवली आहे. त्या गाडीवर बसलेल्या सातांपैकी ज्यांना यायचे असेल त्यांनी जरूर यावे. वडील वरच असतील, त्यांना भेटा. चहा-पोहे आमच्याकडे. फक्त कुणीही घरून आपापले पाने आणू नयेत.