पावतीचा कागद आणि ग्राहकाचा नवा कायदा
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही काही कायदेपंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून पुढे आयुष्यभर मुलांस व्याकरण आणि गणित शिकविले, एवढीच आमची विद्या. परंतु जो कायदा सामान्य गृहस्थासाठी केला असे सरकार म्हणते, तो सामान्य गृहस्थाने वाचावयास हरकत नसावी. आम्ही तो वाचला, आणि त्यातले जे आपल्या घराशी व आपल्या दुकानाशी निगडित आहे, तेवढेच येथे मांडणार आहो.

पूर्वीचा न्याय असा होता की, घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे. वांगी घेताना हा न्याय ठीक आहे; किडके वांगे हाताला कळते. परंतु औषधाच्या बाटलीत काय आहे, हे कोणत्या डोळ्यांनी पाहावे? १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉल पोटात गेल्याने १४ रुग्ण दगावले आणि त्याच्या चौकशीस न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमावा लागला. त्याच वर्षी २४ डिसेंबरला ग्राहक संरक्षणाच्या पहिल्या कायद्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. ग्राहक चळवळीचे काम आपल्या महाराष्ट्रात त्याच्याही आधीपासून चालू होते; पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचा पाया १९७४ साली घातला, हे येथील वडीलधाऱ्या मंडळींस ठाऊकच आहे.

तो जुना कायदा जाऊन २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यातील मुख्य नवी गोष्ट अशी की, सदोष वस्तूमुळे माणसास इजा झाली, आजार जडला, मृत्यू ओढवला किंवा त्याच्या अन्य मालमत्तेची हानी झाली, तर त्या वस्तूचा निर्माता भरपाईस बांधील ठरतो. घडणीत दोष असो, मूळ आराखड्यात दोष असो, अथवा धोक्याची पुरेशी सूचना दिलेली नसो, त्यास उत्तर द्यावेच लागते. अर्थात् ग्राहकाने वस्तूचा गैरवापर केला किंवा तिच्यात आपल्या मनाने फेरफार केला, तर हा आधार उरत नाही.

आणि येथे आपल्या ज्ञातीतील व्यापारी बंधूंनी कान द्यावा. निर्माता कोण याचा पत्ता लागत नसेल, किंवा त्याजवर नोटीस बजावता येत नसेल, तर ती जबाबदारी विक्रेत्याच्या शिरावर येते. स्वस्तात मिळाला म्हणून नाव-गाव नसलेला माल जो दुकानात भरतो, तो त्या मालाबरोबर कारखानदाराचे उत्तरदायित्वही विकत घेतो!

उदाहरणासाठी घरातला कुकरच घेऊ. आत वाफ कोंडली की पाणी शंभराऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते, म्हणून डाळ लवकर शिजते. शिट्टीचे छिद्र अन्नकणांनी बुजले, तर दाब वाढतच जातो. त्या वेळी झाकणावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधील मिश्रधातू वितळून वाफेला वाट करून देतो. हा मिश्रधातू वेळेवर वितळला नाही, तर वाफ झाकणच उडवून आपली वाट काढते. बाहेरून चांगला आणि वाईट व्हॉल्व्ह सारखाच दिसतो. म्हणूनच घरगुती कुकरला आय. एस. आय. चिन्ह १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचे झाले. चिन्हाच्या वर आय. एस. २३४७ आणि खाली परवान्याचा क्रमांक असावा लागतो. दुचाकीस्वाराचे शिरस्त्राण आणि मुलांची खेळणी यांनाही त्याच वर्षापासून अशीच सक्ती आहे.

आमच्या नात्यातील एका घरी काही वर्षांपूर्वी असेच झाकण उडाले आणि सुनेचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. कुकर लग्नात मामांकडून आलेला. मामांनी तो आपल्याच ओळखीच्या दुकानातून घेतलेला. दुकानदाराकडे गेल्यावर तो शांतपणे म्हणाला, “हा आमच्या दुकानातला, हे कशावरून?” मामा निरुत्तर झाले, कारण आपल्याच माणसाकडे पावती मागणे त्यांस अप्रशस्त वाटले होते. कायदा त्या मुलीच्या बाजूने होता. खरेदी करणाराच काय, त्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहकच. म्हणजे आहेराचा कुकर वापरणारी सूनही ग्राहकच. परंतु कागदावाचून कायदा पांगळा झाला, आणि त्या घराने प्रकरण तेथेच सोडून दिले.

नव्या कायद्यात पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. पावती म्हणजे उपकार नव्हे. पावतीचा आणखी एक उपयोग आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अॅमेझॉन कंपनीला आदेश दिला की, आपल्या संकेतस्थळावरून विकले गेलेले २,२६५ अप्रमाणित कुकर परत घ्यावेत, पैसे परत करावेत आणि प्रत्येक ग्राहकास कळवावे. शिवाय एक लाखाचा दंड. कंपनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तो भाग निराळा. आमचा मुद्दा एवढाच की, ते २,२६५ हा आकडा कळला, कारण प्रत्येक विक्रीची नोंद होती. आपल्या पेठेतल्या दुकानातून असाच सदोष माल गेला, तर तो कोणाच्या चुलीवर आहे हे कोण सांगणार? नावानिशी लिहिलेली पावती व दुकानदाराकडील तिची स्थळप्रत हीच तेथे नोंद होय.

तक्रारीचा मार्गही आता पूर्वीइतका बिकट नाही. विकणारा मुंबईचा असला, तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील दिलाच पाहिजे असे नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र तक्रार दाखल झाली पाहिजे. आधी १९१५ या क्रमांकावर दूरध्वनी करून पाहावा. पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात. निकाल तीन महिन्यांत, आणि मालाची तपासणी लागली तर पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. तो तसा नेहमी लागतो असे आम्ही म्हणणार नाही. आयोगांवरील रिक्त जागांची दखल २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला आपण होऊन घ्यावी लागली, यावरून काय ते समजावे.

आता मंडळापुढे दोन सूचना नम्रपणे ठेवतो. आपल्यातील दुकानदारांनी नातलग गिऱ्हाइकास न मागता पावती द्यावी, म्हणजे मागणाऱ्याचा संकोच आणि देणाऱ्याचा राग दोन्ही टळतील. दुसरी सूचना आहेराची. कुकर, मिक्सर, गिझर असे काही वधूवरांस देताना पाकिटात पावतीही घालावी. किंमत कळेल म्हणून कित्येकांस ते अवघड वाटेल. तसे वाटल्यास आकड्यावर कागद चिकटवून तिची छायाप्रत द्यावी आणि मूळ पावती आपल्या कपाटात जपून ठेवावी. परंतु दुकानाचे नाव, तारीख आणि मालाचे वर्णन त्या घरी पोचलेच पाहिजे. येत्या वैशाखात मंडळाच्या कार्यालयात जी लग्ने ठरली आहेत, त्यांपासूनच हा प्रघात सुरू करण्यास हरकत नाही. कार्यालयाच्या स्वयंपाकघरातील जुन्या कुकरच्या रिंगा आणि व्हॉल्व्हही त्यापूर्वी बदलून घ्यावेत, अशी चिटणिसांस विनंती आहे.