कागदावरचा संघ

खेळाच्या शौकिनाच्या खिशात एक संघ कायम तयार असतो. आपल्याकडे क्रिकेटचा संघ जाहीर झाला की चहाच्या टपरीपासून लोकलच्या डब्यापर्यंत प्रत्येकजण निवड समितीचा अध्यक्ष होतो. याला का घेतलं, त्याला का वगळलं, हा सलामीला का नाही आणि तो खाली का खेळतो, यावर तावातावाने बोलणं होतं. अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या शौकिनाची भूक मात्र याहून मोठी आहे. त्याला आपल्या संघातले पाच जण निवडून समाधान होत नाही. त्याला दुसऱ्याच्या संघातला खेळाडूही आपल्याकडे हवा असतो आणि तो कसा आणायचा याची योजनाही त्याच्याकडे असते.

याचं कारण तिथल्या व्यवस्थेत आहे. एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत 30 संघ आहेत. मोसम चालू असतानाच, फेब्रुवारीतल्या एका ठरलेल्या मुदतीपर्यंत, हे संघ आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करू शकतात. खेळाडूचा करार जसाच्या तसा दुसऱ्या संघाकडे जातो आणि करारामागोमाग खेळाडू जातो. बहुतेकांना त्यासाठी विचारावंही लागत नाही. सकाळी एका शहरात सरावाला गेलेला माणूस संध्याकाळी दुसऱ्या शहराच्या विमानात असतो. ही मुदत न्यूयॉर्कच्या वेळेने दुपारी तीनला संपते, म्हणजे आपल्याकडे रात्री दीड वाजता. त्या रात्री जागणारी मुलं मुंबई-पुण्यातही आहेत. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये सॅक्रामेंटो आणि इंडियाना हे दोन संघ वरळीत येऊन सराव सामने खेळून गेले, ते अशाच चाहत्यांच्या भरवशावर.

शौकिनाची योजना बहुधा एका साच्याची असते. आमच्याकडचे हे दोन खेळाडू द्या, वर एखादी निवडीची संधी द्या आणि तुमचा तो हुकमाचा एक्का आम्हाला द्या. तुम्हाला आपली बोहारीण आठवते? जुन्या साड्या आणि विटलेले शर्ट घेऊन ती स्टीलचं पातेलं देते. घरातल्या बाईला वाटतं, आपण जिंकलो. पण बोहारीण कधी तोट्यात घरी गेली आहे का? समोरच्याला कपड्याची पारख आहे, हे शौकीन विसरतो. आपल्याला नकोसा झालेला खेळाडू समोरच्याला हवासा का वाटावा, हा साधा प्रश्न त्याच्या योजनेत नसतो.

नियमांचा अडसर वेगळाच. संघाने पगारावर किती खर्च करावा याला 1984-85 च्या मोसमापासून मर्यादा आहे. तेव्हा ती 36 लाख डॉलर होती. 2025-26 च्या मोसमासाठी ती 15 कोटी 46 लाख डॉलरवर गेली. काही सवलती घेऊन संघ ही मर्यादा ओलांडू शकतात, पण मग अदलाबदलीत जेवढा पगार बाहेर पाठवला जवळपास तेवढाच आत घेता येतो. फारच वर गेलेल्या संघांना तर 2023 च्या करारानंतर दोन-तीन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेण्याचीही सोय उरलेली नाही. दरवर्षी नवोदितांची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. त्यातली पहिल्या फेरीची संधी लागोपाठच्या दोन वर्षांची विकता येत नाही. या नियमाला स्टेपियन यांचं नाव चिकटलं आहे. हे 1980 च्या सुमारास क्लीव्हलँड संघाचे मालक होते आणि त्यांनी संघाचं भविष्य इतक्या सढळ हाताने वाटून टाकलं की पुढच्या सगळ्या मालकांचे हात बांधावे लागले.

समजा, पगाराचं गणित जुळलं आणि समोरचा संघही राजी झाला. तरी एक गणित उरतंच, आणि ते चौथीच्या मुलालाही येईल असं आहे. सामना 48 मिनिटांचा आणि एका वेळी मैदानात पाच जण. पाच गुणिले 48 म्हणजे 240 मिनिटं. चेंडू एकच. नवा मोठा खेळाडू आला की त्याची पस्तीस मिनिटं कुणाच्या तरी ताटातून काढून घ्यावी लागतात. कुणाच्या, हे योजनेत लिहिलेलं नसतं.

2003-04 च्या मोसमात लॉस एंजेलिस लेकर्सकडे शकील ओनील आणि कोबी ब्रायंट होतेच. त्यांना कार्ल मलोन आणि गॅरी पेटन येऊन मिळाले. कागदावर याहून भारी संघ कुणी लिहू शकला नसता. अंतिम फेरीत डेट्रॉइटने त्यांना 4-1 असं हरवलं. त्या डेट्रॉइट संघाचा चॉन्सी बिलप्स मालिकेचा मानकरी ठरला. बॉस्टनने त्याला 1997 मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडलं होतं आणि पहिल्याच मोसमात दुसरीकडे पाठवलं होतं. त्यानंतर गावोगाव फिरत तो 2002 मध्ये डेट्रॉइटला पोचला होता. त्याचा साथीदार रशीद वॉलेस तर त्याच फेब्रुवारीत अदलाबदलीने आला होता. म्हणजे अदलाबदल उपयोगी पडते, पण जिथे नेमकी जागा रिकामी आहे तिथे. आम्ही गझल लिहिणारे लोक हे रोज अनुभवतो. एखादा शब्द स्वतंत्रपणे कितीही देखणा असो, शेरात त्याची जागा नसेल तर तो सगळी ओळ बसवतो. आणि कधीकधी नवा शब्द आणावा लागतच नाही, असलेल्या शब्दांचा क्रम बदलला की ओळ उभी राहते.

बास्केटबॉलमधलं याचं सुंदर उदाहरण 2015 चं आहे. गोल्डन स्टेट आणि क्लीव्हलँड यांच्यात अंतिम मालिका चालू होती आणि गोल्डन स्टेट 1-2 असा मागे होता. निक यूरेन नावाचा 28 वर्षांचा तरुण प्रशिक्षक स्टीव्ह कर यांचा सहायक म्हणून काम करत होता. त्याने रात्री बसून आदल्या वर्षीच्या अंतिम फेरीच्या चित्रफिती पाहिल्या. 2014 मध्ये सॅन अँटोनियोने तिसऱ्या सामन्यापासून उंच टियागो स्प्लिटरऐवजी चपळ बोरिस डियॉला सुरुवातीच्या पाचांत आणलं होतं आणि मालिका 4-1 अशी जिंकली होती. यूरेनने सुचवलं, सात फुटी अँड्र्यू बोगटला बसवा आणि आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीला खेळवा. त्या मोसमात साखळीच्या एकाही सामन्यात इग्वोडालाने सुरुवात केली नव्हती. कर यांनी ऐकलं. सामन्याआधी पत्रकारांना मात्र त्यांनी थाप मारली की पाच तेच राहणार, आणि नंतर ती थाप कबूलही केली. सामना सुरू झाला तो 0-7 अशा पिछाडीने. कुणीही घाबरून जुनी मांडणी परत आणली असती. कर थांबले. गोल्डन स्टेटने तो सामना 103-82 असा आणि मालिका 4-2 अशी जिंकली. मालिकेचा मानकरी ठरला इग्वोडाला.

या गोष्टीत सगळे यूरेनची हुशारी सांगतात, आणि ती सांगायलाच हवी. पण मला दुसराच माणूस मोठा वाटतो. इग्वोडाला त्याआधीची दहा वर्षं, खेळलेल्या प्रत्येक सामन्यात पहिल्या पाचांत होता. त्या मोसमाच्या आरंभी एका तरुण खेळाडूसाठी त्याला बाकावर बसायला सांगितलं गेलं आणि तो बसला. तो रुसून बसला असता, तर जूनमधली ती कल्पना कागदावरच राहिली असती. बाकावर कोण कसा बसतो, यावर कितीतरी अजिंक्यपदं ठरलेली आहेत. शौकिनाच्या तक्त्यात ‘राखीव’ या शब्दाखाली फक्त नावं असतात.

आणि इथेच या खेळातली दुखरी जागा येते. डेमार डीरोझन टोरांटोकडे 2009 मध्ये आला आणि नऊ मोसम तिथेच खेळला. मोठी शहरं खुणावत असताना त्याने टोरांटोला आपलं मानलं होतं. 2018 च्या जुलैमध्ये त्याला सॅन अँटोनियोला पाठवलं गेलं आणि बदल्यात कवाय लेनर्ड आला. आपल्याला हलवणार नाही असं सांगितलं गेलं होतं, ही त्याची तक्रार होती. संघाचे प्रमुख मसाई उजिरी यांनी झालेल्या गैरसमजाबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. वर्षभरात, 2019 मध्ये, टोरांटोने पहिलंवहिलं अजिंक्यपद जिंकलं. लेनर्ड तो एक मोसम खेळून निघून गेला. आता हा सौदा बरोबर की चूक? चषक पाहिला तर बरोबर. पण चषकाने नऊ वर्षांचं देणं फिटलं, असं म्हणायला जीभ रेटत नाही.

आयझेया थॉमसचं तर याहून कठीण. पाच फूट नऊ इंच उंचीचा हा माणूस 2011 च्या निवडीत साठावा, म्हणजे अगदी शेवटचा होता. 2016-17 मध्ये बॉस्टनसाठी तो सामन्यामागे जवळपास 29 गुण करत होता. एप्रिल 2017 मध्ये त्याची धाकटी बहीण मोटार अपघातात गेली. दुसऱ्या दिवशी तो मैदानात उतरला आणि त्याने 33 गुण केले. पुढे बहिणीच्या वाढदिवशी त्याने 53 गुण केले. कंबरेची दुखापत घेऊन तो खेळत राहिला. ऑगस्टमध्ये बॉस्टनने त्याला क्लीव्हलँडला पाठवून कायरी अर्विंगला आणलं. थॉमस क्लीव्हलँडसाठी 15 सामने खेळला, मग त्यांनीही त्याला पुढे पाठवलं. अर्विंग दोन मोसमांनी बॉस्टन सोडून गेला, अजिंक्यपद न देता. या व्यवहारात नियमाविरुद्ध काहीच नव्हतं. पगारांचं गणित जुळत होतं. न जुळणारी गोष्ट मोजायला कुठलाच रकाना नव्हता.

खेळाडू नेहमी असहाय असतो असं मात्र नाही. करीम अब्दुल-जब्बार मिलवॉकीत होते. 1971 मध्ये ऑस्कर रॉबर्टसन यांच्या साथीने त्यांनी त्या संघाला अजिंक्यपद मिळवून दिलं आणि त्याच वर्षी आपलं नवं, मुस्लिम नाव जगापुढे ठेवलं. मिलवॉकीशी त्यांचं भांडण नव्हतं, पण आपल्या मनाची आणि संस्कृतीची माणसं त्यांना तिथे भेटत नव्हती. त्यांनी स्वतः बदली मागितली आणि 1975 मध्ये ते लेकर्सकडे गेले, जिथे त्यांनी आणखी पाच अजिंक्यपदं जिंकली. मिलवॉकीला बदल्यात चार खेळाडू मिळाले. त्यांचं पुढचं अजिंक्यपद आलं 2021 मध्ये, पन्नास वर्षांनी. आणि ज्या रॉबर्टसन यांचा उल्लेख केला, ते खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांच्याच नावाने 1970 मध्ये दाखल झालेला खटला 1976 मध्ये तडजोडीने मिटला आणि करार संपल्यावर स्वतः संघ निवडण्याची वाट खेळाडूंना मोकळी झाली. आज खेळाडूचा जो काही शब्द चालतो, तो कुणी दान दिलेला नाही.

मग शौकिनाने योजना करूच नयेत का? जरूर कराव्यात. कारण कधीकधी कचेरीतल्या जाणत्यांपेक्षा गॅलरीतल्या माणसाला जास्त कळतं. 2025 च्या फेब्रुवारीच्या आरंभी डॅलसने लुका डॉन्चिच लेकर्सना देऊन अँथनी डेव्हिसला आणलं. डॉन्चिच 25 वर्षांचा होता आणि वर्षभरापूर्वीच त्याने संघाला अंतिम फेरीत नेलं होतं. बचावाने अजिंक्यपद मिळतं, असं संघाचे सूत्रधार निको हॅरिसन यांचं म्हणणं होतं. डॅलसचे लोक क्रीडागृहाबाहेर जमले. काहींनी शवपेटी आणून ठेवली. डेव्हिस पहिल्याच सामन्यात दुखावला. एप्रिलमध्ये डॉन्चिच पाहुणा म्हणून डॅलसला आला, त्याच्यासाठी केलेली चित्रफीत पाहताना रडला आणि मग त्याने 45 गुण केले. हॅरिसन यांना काढण्याच्या घोषणा महिनोन् महिने चालू राहिल्या. नोव्हेंबर 2025 मध्ये त्यांना काढण्यात आलं.

त्या लोकांना पगारमर्यादेचं गणित कचेरीइतकं येत नसेल. पण त्या मुलाला त्यांनी एकोणिसाव्या वर्षापासून खेळताना पाहिलं होतं. त्याच शहरात डर्क नोविट्झकी 21 मोसम एकाच संघासाठी खेळला होता. माणूस टिकला की गावाला काय मिळतं, याचा त्यांना अनुभव होता. त्यांचा राग हा अडाणीपणा नव्हता, ती माहिती होती. फक्त ती आकड्यांत मांडलेली नव्हती.

म्हणून पुढच्या फेब्रुवारीत जो कुणी कागद-पेन्सिल घेऊन बसेल, त्याला माझी एक विनंती आहे. तक्त्यात दोन रकाने तुम्ही करताच, काय द्यायचं आणि काय घ्यायचं. तिसरा एक रकाना आखा. कुणाची मिनिटं कमी होणार, कोण बाकावर जाणार, कुणाचं गाव सुटणार, हे त्यात लिहा. मग योजना पुन्हा वाचा. काही योजना तरीही चांगल्या वाटतील. त्या खुशाल मांडा, तावातावाने मांडा. उरलेल्या तुम्ही स्वतःच खोडून टाकाल.